रविवारच्या पत्राची वर्गणी: प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

आजचं पत्र सकाळी सातला गेलं, 1,140 जणांना. पहिलं गेलं होतं 2021 च्या जुलैत, 34 जणांना. पंचगंगेनं 43 फुटांची धोकापातळी कधीच ओलांडली होती, कोल्हापुरात शाहूपुरीपर्यंत पाणी होतं, मी प्रुफं वाचते तो छापखाना बंद. घरी बसून एक ललित लेख लिहिला आणि ओळखीच्यांना मेल केला. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी एक लेख जातो. कधी आजोळाबद्दल, कधी बाबांबद्दल, कधी प्रुफं वाचताना भेटलेल्या एखाद्या शब्दाबद्दल. लोक त्याला 'रविवारचं पत्र' म्हणतात, मीही तेच म्हणते.

परवा छापखान्याच्या मालकांनी विचारलं, महिन्याला आणखी एका पुस्तकाची प्रुफं वाचशील का? हो म्हटलं असतं तर पत्र बंद. नाही म्हटलं, तर घरखर्चाला मेळ बसत नाही. दोन दिवस वहीत आकडे मांडले. एका लेखाला माझे सहा दिवस जातात, म्हणजे महिन्यातले बारा. त्या बारा दिवसांत छापखान्यातून 12,500 रुपये मिळाले असते. मेल पाठवणाऱ्या सेवेचे 1,600. डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याचे, महिन्याला 100 धरले. एसटी, झेरॉक्स, वाचनालय मिळून 800. बेरीज 15,000.

हा आकडा साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच कागदावर आला. आता वाचकांकडे वर्गणी मागायची. कसं मागितलं, काय चुकलं, ते सगळं या वहीत लिहून ठेवायचं.

15 जानेवारी

सीए मैत्रिणीकडे गेले. तिनं भराभर सांगितलं: वेगळं बचत खातं काढ, घरच्या पैशात मिसळू नकोस. हे तुझं उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला 20 लाखांच्या पुढे, तो विचार सोड. आणि 'देणगी' हा शब्द कुठेही वापरू नकोस. देणगी म्हटलं की लोक 80जीची, म्हणजे करसवलतीची पावती मागतात. ती नोंदणीकृत संस्थेला देता येते, एकट्या माणसाला नाही.

तर शब्द ठरला. वर्गणी.

19 जानेवारी

पैसे घ्यायचे कसे यावर आख्खा रविवार गेला. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा, साधारण 2 टक्के घेतो आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. 600 रुपयांतून 14 रुपये 16 पैसे जातात. फार नाहीत, पण 300 जणांचे झाले की 4,248. त्यात माझी अडीच महिन्यांची मेलसेवा भागते. यूपीआयवर खात्यातून खात्यात पाठवले तर एक पैसाही कापला जात नाही. फक्त कुणी पाठवले ते हातानं वहीत मांडत बसावं लागतं. मांडेन.

दरमहा आपोआप कापून घेण्याची सोयही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, म्हणजे फसवणूक नाही. तरीही नको. विसरून गेलेल्या माणसाच्या खात्यातून येणारे पैसे मला पत्रासाठी नकोत. वर्षातून एकदा, आठवणीनं.

एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. माझ्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबर होता. तो हजारभर लोकांच्या मेलपेटीत जाणार होता. बाईनं स्वतःच्या घरादाराबद्दल लिहायचं आणि खाली नंबर द्यायचा, हे चालणार नाही. नंबर नसलेला नवा आयडी करून घेतला. कुणी असलं काही सुरू करणार असेल तर हे काम पहिलं करावं.

28 जानेवारी

परवा 26 तारखेच्या पत्राच्या शेवटी वर्गणीचा मजकूर लावला होता. दोन दिवसांत दोघांचे पैसे आले. दोघंही छापखान्यातले.

मनाला फार लागलं. साडेतीन वर्षांत एवढंच का, असं वाटून काल रात्री जेवणही गेलं नाही. आज गडहिंग्लजच्या मैत्रिणीचा फोन आला. तिला विचारलं, तर म्हणाली, "कसली वर्गणी? लेख तर मध्येच तुटलाय. विहिरीपाशी."

फोनवर पाहिलं, तर खरंच. एका मोठ्या मेलसेवेत 102 केबीच्या, म्हणजे साधारण एक लाख बाइटांच्या, पुढचा मजकूर दिसत नाही, 'पूर्ण मेल पाहा' असा बारीक दुवा तेवढा येतो. रोमन अक्षराला संगणकात एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. 'र्गी' असं जोडाक्षर घ्या: र, हलन्त, ग, वेलांटी, चार चिन्हं, बारा बाइट. लेख 3,800 शब्दांचा होता. 25 हजार चिन्हं, 75 हजार बाइट. त्यावर मांडणीच्या टॅगांचं ओझं 30 केबींच्या वर. म्हणजे माझी विनंती बहुतेकांपर्यंत पोचलीच नव्हती.

चूक माझीच, पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर बघायला हवं होतं. पण त्यातून एक कळलं. विनंती शेवटी का टाकली होती? कुणी न वाचली तरी बरं, अशी कुठेतरी इच्छा होती म्हणून. पहिला मसुदा परत वाचला. "राग मानू नये, सहज सुचलं म्हणून, जमल्यास, फूल ना फुलाची पाकळी..." रक्कम कुठेच नाही. आकडा लिहायला हात धजला नव्हता.

31 जानेवारी

छापखान्यातून घरी येताना बिंदू चौकात थांबले. महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे तिथं 1950 पासून उभे आहेत, बाबासाहेब हयात असतानाच बसवलेले. आज बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला 105 वर्षं झाली. 31 जानेवारी 1920. त्या पाक्षिकाला राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले होते, हे इथं शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मला आज आठवत होता तो त्याच्या शिरोभागी छापलेला तुकोबांचा अभंग. 'काय करूं आतां धरूनियां भीड' अशी त्याची सुरुवात आहे.

पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं आणि दुसऱ्याच वर्षी बाबासाहेबांना वाचकांपुढे पत्राच्या पैशांची गोष्ट मांडावी लागली. त्या अग्रलेखाचं शीर्षकच 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असं. ऋण हा शब्द त्यांनी सरळ वापरला.

माझ्या घरगुती लेखांची आणि त्या कार्याची बरोबरी होऊच शकत नाही, तसं मनातही नाही. पण बाबासाहेबांसारखा माणूस समाजापुढे उभा राहून पैशाचं स्पष्ट बोलू शकतो, तर मी 600 हा आकडा लपवत होते ते कशासाठी? घरी येऊन जुना मसुदा फाडला.

3 फेब्रुवारी

दुपारी छापखान्यात एक वयस्कर गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात पाकीट. मंगळवार पेठेतले. त्यांची नात त्यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणाले, "नातीनं सांगितलं तू वर्गणी मागतीस म्हणून. ही घे." (नातीनं तो बारीक दुवा दाबला होता तर!) पाकिटात पाचशेची एक आणि शंभराची एक नोट. मी घेतलं, नमस्कार केला. ते जागचे हलेनात.

"पावती?"

"काका, पावती अजून छापलेली नाही."

"मग पैसं कसं घेतलंस? आमच्या तालमीत चाळीस वर्सं वर्गणी गोळा केली. पावती फाडल्याबिगर एक रुपाया घेतला न्हाई."

पाकीट त्यांनी परत घेतलं. मग बसले, चहा घेतला आणि सावकाश समजावून सांगितलं. मागायला गेलं की खाली बघायचं न्हाई. किती पायजेत ते पहिलं सांगायचं, कशाला पायजेत ते मागनं. न्हाई म्हटला त्याच्या दारातनं हसत निघायचं, कारण पुढच्या वर्षी परत त्याच दारात जायाचं असतं. आणि मांडव उतरला की आठ दिवसांत हिशोब फळ्यावर. "फळ्यावरचा हिशोब कोन वाचत न्हाई. पण लावला न्हाई की मातूर सगळ्यास्नी दिसतंय."

लहानपणी दादाबरोबर मीही गणपतीच्या वर्गणीला पेठेत फिरले आहे. दार वाजवायला तेव्हा लाज वाटत नसे, कारण मागणं मंडळाचं असायचं. पत्रही माझ्या एकटीचं राहिलेलं नाही, हे काकांनी न सांगता सांगितलं. नातीनं मोठ्यानं वाचायचं आणि आजोबांनी ऐकायचं, इतक्या घरांत ते पोचलं आहे.

संध्याकाळीच मालकांना विचारून पन्नास पानांची दोन पावतीपुस्तकं लावायला घेतली. कार्बनची प्रत मागे राहील अशी.

9 फेब्रुवारी, रविवार

आज लेख नाही. फक्त विनंती, स्वतंत्र पत्र म्हणून. जशीच्या तशी इथं उतरवते:

"नमस्कार. हे पत्र चालवायला महिन्याला 15,000 रुपये लागतात. त्यातले 12,500 ही माझ्या बारा दिवसांची मजुरी आहे, 1,600 मेलसेवेचे, 100 डोमेनचे, 800 प्रवास आणि वाचनालयाचे. आजवर हा खर्च मी इतर कामांतून काढला. पुढे तसा काढता येणार नाही. म्हणून वर्गणी मागते आहे: वर्षाला 600 रुपये, एका पत्राला साधारण 23. तीनशे जणांनी दिली तर वर्ष निघतं. कमी दिलीत तरी पावती मिळेल, जास्त दिलीत तरी तेवढीच मिळेल. ज्यांच्या घरी ओढाताण आहे त्यांनी देऊ नये आणि त्याबद्दल कळवूही नये. पत्र सगळ्यांना येत राहील. जमलेल्या पैशांचा हिशोब मेच्या पहिल्या पत्रात देईन."

पाठवण्याआधी चार जणांच्या फोनवर बघितलं. 11 केबी.

12 फेब्रुवारी

43 जण झाले. काका परत आले, पावती क्रमांक 1 त्यांचीच. पुस्तकातून टरकन फाटल्याचा आवाज ऐकून समाधानानं मान हलवली.

उत्तरं बरीच आली. एका बाईंनी लिहिलं, पत्र येतं त्या दिवशी त्या डबा आदल्या रात्रीच करून ठेवतात. एकांनी नाव कमी करायला सांगितलं: लिहिणं ही सेवा असते, तिचा बाजार मांडू नये. मी नाव कमी केलं आणि साडेतीन वर्षं वाचल्याबद्दल आभार मानले. त्यांच्या म्हणण्यावर मात्र विचार केला. आमच्याकडे पैलवानाला गाव खुराक पुरवतं, दूध, बदाम, तूप. गंगावेश तालमीत बाहेरगावची पोरं येऊन राहतात, त्यांच्यामागे घर असतं, गाव असतं. त्याला कुणी बाजार म्हणत नाही. पैलवान मेहनत करतो तेव्हा त्याला दुसरं काम करता येत नाही, एवढं साधं ते आहे. लेखाचंही मला तसंच वाटतं.

25 फेब्रुवारी

ही नोंद लिहायला जड जाते आहे.

परवाचा लेख बाबांवर होता. डिसेंबरात ते रंकाळ्यावर फिरायला गेले आणि घरचा रस्ता विसरले. संध्यामठाच्या बाजूला एका भेळवाल्याला त्यांनी विचारलं, "आमचं घर कुठं आहे हो?" भेळवाल्यानं गिऱ्हाईक थांबवलं, त्यांना पालथ्या क्रेटवर बसवलं, हातात चुरमुऱ्यांचा कागद दिला आणि खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. मी पोचले तेव्हा बाबा एकेक चुरमुरा मोजून खात होते. जे झालं ते तसंच लिहिलं होतं.

लेखाखाली वर्गणीचा क्यूआर कोड होता, आता प्रत्येक पत्राखाली असतो तसा. आधीच्या दहा दिवसांत 9 जणांनी वर्गणी दिली होती. या दोन दिवसांत 31. एका रकमेसोबत दोन शब्द होते: 'बाबांसाठी'.

काल रात्री दादाचा फोन आला. पुण्याहून. त्यानं लेख वाचला होता, खालचा कोडही बघितला होता. "बाबांच्या आजारावर पैसे गोळा करतीस का गं?" एवढंच म्हणाला.

मी भांडले नाही, कारण मला त्या दोन दिवसांत आकडा वाढताना बघून आनंद झाला होता. दर तासाला फोन उघडत होते. आणि सोमवारी सकाळी पुढच्या लेखाचा विषय शोधताना मन पहिलं गेलं ते आईच्या शेवटच्या दिवसांकडे. गेली तीन वर्षं त्यावर लिहायचं मी टाळत आले. काल एकदम तो विषय 'चांगला' वाटू लागला. तो का चांगला वाटतो हे माझं मला कळलं, तेव्हा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

स्वतःच्या आयुष्यावर लिहिणाऱ्याच्या वाटेत हा खड्डा असणारच. दुःख सांगितलं की माणसं धावून येतात, हा त्यांचा चांगुलपणा. पण त्या चांगुलपणाचा दर मला समजला की पुढचं दुःख मी सांगण्यासाठी सांगेन की दरासाठी, हे मलाही ओळखता येणार नाही. बाबांना तर मी विचारूही शकत नाही. विचारलं असतं तर 'लिही' म्हणाले असते, पण त्यांना उद्या ते आठवलं नसतं.

ठरवलं ते असं. आजारपण, मरण, कुणाच्याही घरचं दुःख ज्या लेखात असेल त्याच्या खाली वर्गणीचा मजकूर नाही आणि कोड नाही. त्यानंतरच्या पत्रातही नाही. वर्गणीबद्दल लिहायचं ते स्वतंत्र पत्रातच, वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. बाबांवरचा पुढचा लेख दादानं वाचल्याशिवाय जाणार नाही. आईवरचा इतक्यात नाही.

आणि त्या 31 जणांना एकेक मेल केला: वर्गणी पत्राची आहे, बाबांच्या औषधांची नाही, ते आमचं घर बघतं. आपण त्या भावनेनं दिली असेल तर परत पाठवते. दोघांनी परत मागितली, लगेच पाठवली. बाकीच्यांनी राहू दे म्हटलं. एकांनी लिहिलं, "मी भेळवाल्यासाठी दिली होती." त्यांना काय उत्तर द्यावं हे अजून सुचलेलं नाही.

एकूण आता 81.

11 मार्च

अर्धा लेख सगळ्यांना आणि अर्धा वर्गणीदारांना, असं कर म्हणून तिघांनी सुचवलं. हेतू चांगलाच आहे. पण माझ्या यादीत अकरावीतली मुलं आहेत, गगनबावड्याकडची एक अंगणवाडी सेविका आहे. रिचार्ज संपत आला की लेख वाचायचा राहतो, असं ती कळवते. तिच्यापुढे लेख मध्ये तोडायचा? बाइटच्या चुकीनं एकदा तुटला तर मला रात्रभर झोप नव्हती.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो, भाची आली आहे म्हणून. म्हशी उभ्या होत्या, गवळी बादली मांडीत धरून धार काढत होता आणि फेसासकट पेला हातात देत होता. भाचीला मिशा आल्या. तिथं भावावरून घासाघीस करताना मी कुणाला बघितलेलं नाही. धार समोर निघते, पाणी घालायला जागाच नाही. वर्गणीदारांना वेगळं काय द्यायचं याचा शोध तिथंच थांबवला. जे आहे ते सगळ्यांना, आणि खर्च सगळ्यांसमोर.

18 मार्च

अमेरिकेतल्या एका वाचकांना पाच वर्षांची वर्गणी एकदम द्यायची आहे. ते आता तिथले नागरिक आहेत. सीए मैत्रीण म्हणाली, सेवेचा मोबदला वेगळा, पण परदेशी नागरिकाकडून देणगीवजा काही आलं की 2010 चा विदेशी अंशदान कायदा बघावा लागतो, आणि पाच वर्षांचे एकदम म्हणजे देणगीच वाटेल. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून पाठवलं तर तो प्रश्न नाही. त्यांना नम्रपणे नाही कळवलं. पत्र येत राहील असंही.

31 मार्च

खात्याचं पासबुक भरून आणलं. काल पाडवा होता, घरी श्रीखंड. बाबांनी गुढी बरोबर बांधली, कडुलिंब, साखरेची माळ, सगळं क्रमानं.

20 एप्रिल

दोन आठवड्यांत फक्त तीन जण. विनंतीचं पत्र ऑगस्टपर्यंत नाही, तेव्हा हे असंच राहणार. आजचा लेख 'र' या अक्षरावर होता. बरेच दिवसांनी लिहिताना पैशाची आठवण झाली नाही.

4 मे, रविवार

हिशोब पत्रात सगळ्यात वर दिला, लेख खाली.

एकूण 123 जण. त्यातले 96 जण प्रत्येकी 600, म्हणजे 57,600. 22 जणांनी जमेल तसं कमी दिलं, 4,350. 5 जणांनी जास्त, 12,500. एकूण जमा 74,540. महिन्याच्या खर्चानं पाहिलं तर पाच महिन्यांना 460 रुपये कमी. मालकांना सांगितलं, सप्टेंबरअखेर जादा पुस्तक घेणार नाही. त्यांनी बरं म्हटलं आणि स्वतःची पावती मागून घेतली.

तीनशे झाले नाहीत. 123 माणसांनी मागितल्यावर दिलं, हे मी पुन्हा पुन्हा वहीत बघते आहे.

6 मे

आज राजर्षींचा स्मृतिदिन. नर्सरी बागेत समाधीला फुलं वाहून काका तसेच छापखान्यात आले. नातीनं हिशोब वाचून दाखवला होता, तो त्यांनी कागदावर मांडून आणला होता, पेन्सिलीनं, एकाखाली एक.

"पोरी, बेरीज चुकलीय. चौऱ्याहत्तर हजार चारशे पन्नास व्हत्यात."

मी परत केली. 74,450. चारशे पन्नास आणि पाचशे चाळीस, आकड्यांची अदलाबदल, आणि प्रुफं वाचणं हे माझं काम. पासबुकात बरोबर होतं, पत्रात चुकलं होतं. 90 रुपये माझ्या हातून जास्त दाखवले गेले. कमतरता 460 नाही, 550.

काका म्हणाले, वाचत्यात की मग लोकं.

18 तारखेच्या पत्रात सगळ्यात वर दुरुस्ती लावायची आहे. पेन्सिलीचा कागद त्यांच्याकडून मागून घेतला आणि पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला टाचून ठेवला.